नैरोबीच्या पोरांनी शेंग नावाच्या मिश्र बोलीत रॅप केलं, मग आम्ही वडगावात कुठल्या भाषेत करायचं?

वडगावचा_माग

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न लांब आहे, खरं मनातला आहे, म्हणून पूर्ण वाचा ही विनंती.

मी बेळगावातल्या वडगावचा. घरात दोन यंत्रमाग. बाबा माग चालवतात, आई सुताच्या कांड्या भरते, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आणि संध्याकाळी मागावर. दोन वर्षं झाली, आम्ही चौघं रॅप करूलालोय. एक मी. दुसरा खासबागचा, घरात कन्नड. तिसरा पलीकडच्या गल्लीतला, घरात दखनी उर्दू. चौथा खानापूरकडचा, त्याची आजी कोकणी बोलते, आणि तो आमच्यात सगळ्यात चांगला लिहितो. आम्ही एकमेकांशी जे बोलतो ते कुठल्या पुस्तकात नाही. शाळेत मी मराठी माध्यमात होतो, कन्नड विषय होता, क्रिकेट दखनीत शिकलो. एका वाक्यात तीन घरची माणसं बसतात आणि आम्हाला ते कळतसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमासाठी आमचं रेकॉर्डिंग ऐकवलं. आयोजक म्हणाले, पोरांनो चांगलं आहे, खरं भाषा एक ठेवा, मराठी तर मराठी, ही खिचडी स्टेजवर नको. पंधरा दिवसांनी दुसरीकडे गेलो. तिथं तेच वाक्य कन्नडमध्ये ऐकलं. दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती, दोघांनी चहा पाजला. खरं परत येताना गोवावेसपर्यंत आम्ही चौघं एक शब्द बोललो नाही.

ज्या ओळींवरून हे झालं त्या अशा:

लाईट होग्याद, माग गप्प,
आईच्या हातात कांडी गप्प,
शेठ बोल्या कल देखेंगे,
कल बरंगिल्ल, चहा अर्धा कप.

ही एका दिवसाची गोष्ट आहे. लाईट गेली, मजुरीचे पैसे उद्यावर गेले, उद्या काही येत नाही. यातलं 'होग्याद' काढून 'गेली' लिहिलं तर अर्थ तोच राहतो हे मला मान्य आहे. खरं खासबागचा पोरगा ती ओळ म्हणतो तेव्हा तो त्याच्या घरातल्या अंधारात उभा असतो. मी त्याला 'गेली' म्हण म्हटलं तर तो माझ्या घरातल्या अंधारात येऊन उभा राहतो. माझं सांगणं एवढंच आहे.

आता नैरोबी. रात्री माग चालू असला की मी हेडफोन लावतो. तसं शोधता शोधता वाकाडिनाली नावाचा ग्रुप सापडला. नैरोबीच्या उमोजा वस्तीकडचे, तिघं, स्कार, डोमानी मुंगा आणि सेवरसिडा. त्यांचा २०२० चा 'व्हिक्टिम्स ऑफ मॅडनेस' मी इतका ऐकला की आईला बीट पाठ झालीत. शब्द एक कळत नाही. मग मागं मागं जात १९९० च्या दशकातल्या कलामशाकापर्यंत पोचलो. दांडोरा नावाच्या वस्तीतली तीन पोरं. त्यांच्यामुळं बाकी सगळ्यांना वाट मिळाली असं वाचलं.

मला विचारायचं हे आहे. त्यांना कुणी भाषा साफ करा म्हणून सांगितलं नाही काय? सुरुवातीला त्यांचं ऐकलं कुणी? वस्तीतली पोरं वर आली म्हणजे नेमकं कसं? इथं कुणी त्या बाजूला राहिलेलं असेल तर सांगा. मला नुसती माहिती नको, ती मोबाईलवर मिळते. तिथं उभं राहून बघितलेल्या माणसाकडून ऐकायचं आहे.

उद्यमबाग_फिटर

बाळा, मी २००१ ते २००९ नैरोबीत होतो. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये फिटर होतो, ओळखीनं तिथल्या इंडस्ट्रियल एरियात प्लॅस्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्सला गेलो. बायको-पोरं अनगोळातच. रॅप म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, मी भजनातला माणूस. खरं तुझा प्रश्न वाचून काल रात्री झोप लागली नाही, कारण ज्यांची नावं तू घेतोस त्यांची गाणी मी रोज दुपारी डबा खाताना ऐकलीत.

पहिल्या आठवड्यातलं आधी सांगतो. स्टोअरमधला पोरगा माझ्याकडं काहीतरी मागत होता. गुनिया, गुनिया. मी हातवारे करून विचारलं, तर त्यानं पोतं दाखवलं. गुनिया म्हणजे गोणी. मग कान उघडले. गाडीला गारी, दुकानाला दुका, पैशाला पेसा, लाखाला लाकी, रंगाला रंगी. चपाती तर चपातीच. समुद्रावरून शेकडो वर्षं व्यापारी येत-जात होते, त्यांच्या गोण्यांबरोबर शब्दही गेले. तिथल्या पोरांनी पुढं चपातीचं 'चापो' केलं, आणि तिथं शेंग सुरू होते.

शेंगचा सांगाडा स्वाहिलीचा. त्यावर इंग्रजी, किकुयू, लुओ, लुह्या, जे शेजारी राहील त्याचं मांस. ही ईस्टलँड्समध्ये वाढली, म्हणजे नैरोबीच्या पूर्वेकडच्या कामगार वस्त्यांत. गावाकडून वेगवेगळ्या जमातींची माणसं आली, एका खोलीच्या घरांत भिंतीला भिंत लावून राहिली, आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांनी एक बोली करून टाकली. आईबापांना न कळणारी. एका वस्तीचा शब्द दुसऱ्या वस्तीत वेगळा, आणि सहा महिन्यांनी तिथंही जुना. मास्तरांना ती आवडत नव्हती. पोरांचं स्वाहिलीही बिघडतं आणि इंग्रजीही, असं म्हणायचे. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे. त्यांनाही सांगितलं गेलं, आणि बरंच जोरात.

दांडोरा मी बघितलंय. आमच्या कारखान्यातला एक लोडर तिथला, फेज फोरमधला. दांडोराचे असे पाच फेज आहेत. १९७० च्या दशकात वर्ल्ड बँकेच्या मदतीनं गरिबांसाठी प्लॉट पाडून वसवलेली वस्ती ती. आणि तिला लागून नैरोबीचा कचरा डेपो. २००१ मध्येच तो भरला म्हणून जाहीर झालं होतं, तरी मी परत येईपर्यंत ट्रक खाली होतच होते. एका रविवारी त्याच्या घरी जेवायला गेलो. दार बंद केलं तरी जळक्या प्लॅस्टिकचा वास आत यायचा, आणि त्याची बायको त्या वासात उगाली ढवळत होती, आपल्या भाकरीच्या पिठाच्या घट्ट पिठल्यासारखं असतं ते. डेपोवर बगळ्यांपेक्षा मोठे, टकले, काळे पक्षी पोरांच्या बरोबरीनं कचरा उकरत होते. हे डोळ्यांसमोर आण आणि मग कलामशाका ऐक. जॉनी, कामा आणि रोबा, तिघं या वासातून आलेत.

ते आले तेव्हा केनियात रॅप करणारं कुणी नव्हतं असं नाही. होते. खरं बरेचसे इंग्रजीत, अमेरिकन उच्चार काढून. रेडिओ आधी सगळा सरकारी. १९९६ मध्ये कॅपिटल एफएम आलं, खासगी, आणि त्यावर बहुतेक बाहेरचीच गाणी. शहरात शहाणं दिसायचं तर बाहेरच्यासारखं बोलायचं, हे तिथंही होतं. अशा वेळी या तिघांनी १९९७ च्या सुमाराला गाणं काढलं, 'ताफ्सिरी ही'. अर्थ सांगतो, तुझ्या दखनी मित्राला आधीच कळला असेल, त्याच्या घरी तफ्सीर शब्द असतो. 'ताफ्सिरी ही' म्हणजे 'याचा अर्थ लाव', 'याचं भाषांतर कर'.

या नावावर मी किती वर्षं विचार करतोय काय सांगू.

एकदा डबा खाताना लोडर ते गुणगुणत होता. मी म्हटलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, नावातच सांगितलंय की, अर्थ तू लाव. मी म्हटलं, अरे मला येत नाही. मग त्यानं दोन ओळी घेतल्या आणि जेवणाची सगळी सुट्टी त्या दोन ओळींत गेली. प्रत्येक शब्दामागं एक गल्ली होती. पोलीस कुठल्या वेळी कुठल्या कोपऱ्यावर उभे राहतात, काम नसलेला माणूस दिवस कसा ढकलतो, आई काय विचारते. बेल झाली आणि तो उठला. त्या दिवशी मला कळलं की त्या पोरांनी शहराला उलटं उभं केलं होतं. तोपर्यंत दांडोराच्या माणसानं शहराची भाषा शिकायची असा रिवाज. आता शहरानं दांडोराची शिकायची. नाही आली तर नाही आली.

पहिल्यांदा ऐकलं कुणी म्हणतोस, तर मटाटूनं. मटाटू म्हणजे खासगी मिनीबस. स्वाहिलीत तीन म्हणजे 'तातू', आणि पूर्वी भाडं तीन नाणी होतं म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. आपल्याकडचं निपाणी-कोल्हापूर वडाप आठव, त्यावर रंग चढव, खेळाडूंची आणि गायकांची चित्रं काढ, सीटखाली एवढा मोठा स्पीकर ठेव की पोटात वाजलं पाहिजे. कॉलेजची पोरं दोन मटाटू सोडून तिसऱ्यात चढायची, कारण तिसऱ्यात गाणं चांगलं. मकांगा, म्हणजे कंडक्टर, दाराला लोंबकळत शेंगमध्ये ओरडायचा आणि गाणं त्याच भाषेत वाजायचं. रेडिओवाला काय लावतो याची वाट कुणी बघायची? ईस्टलँड्समधून शहरात रोज सकाळी हजारो माणसं जायची, आणि वस्तीचं गाणं त्यांच्याबरोबर तिकिटाशिवाय जायचं. पुढं २००४ मध्ये मटाटूंना कडक नियम लागले. पट्टे, वेगाला लगाम, १४ सीट, अंगावर पिवळी पट्टी, चित्रं पुसली. गाड्या सगळ्या एकसारख्या पांढऱ्या झाल्या तेव्हा माझ्यासारख्या परक्यालाही वाईट वाटलं. माणसं वाचली असतील त्यानं, ते चांगलंच.

कलामशाकाचा अल्बम २००१ मध्ये आला, 'नी वाकाती'. वाकाती म्हणजे वक्त. वेळ झाली. खरं माझ्या मते त्यांचं मोठं काम दुसरंच. वर आल्यावर त्यांनी दार उघडं ठेवलं. दांडोरातल्या त्यांच्या जागेत इतर पोरं येऊन बसायला लागली, लिहायला लागली, तिला माउ माउ कॅम्प म्हणायचे. माउ माउ म्हणजे इंग्रजांविरुद्ध १९५० च्या दशकात जंगलात राहून लढलेले, आणि त्यांच्यावरची इंग्रजांच्या काळातली बंदी केनियात २००३ मध्ये कुठं उठली. असं नाव पोरांनी लावलं होतं. तिकडं मोम्बासात दुसरा गट होता, उकू फ्लानी. उकू म्हणजे कूळ, फ्लानी म्हणजे आपलं फलाणं. फलाणं कूळ! ज्याला कुणी नाव विचारत नाही त्याचं कूळ, असं मी समजतो. दोन्ही एक झाले, उकू फ्लानी माउ माउ, वीसेक पोरं. त्यांचा २००४ चा 'किलिओ चा हाकी'. हाकी म्हणजे हक्क. हक्कासाठीचा आक्रोश. अनगोळच्या माणसाला हे शब्द परके वाटतील कसे?

आणखी एक सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं. २००२ मध्ये गिदी गिदी माजी माजी या दोघांचं 'अनब्वोगेबल' आलं. लुओ भाषेत 'ब्वोगो' म्हणजे घाबरवणं. त्याला पुढं इंग्रजी 'अन', मागं इंग्रजी 'एबल'. घाबरवता न येणारा. हा शब्द कुठल्याच भाषेत नाही, खिचडीतला आहे. त्यांनी तो स्वतःच्या ओढाताणीवर लिहिला होता, खरं विरोधी पक्षांनी उचलला. २७ डिसेंबर २००२ ला निवडणूक झाली. स्वातंत्र्यापासून, म्हणजे १९६३ पासून, एकच पक्ष सत्तेवर होता, तो गेला. त्या आठवड्यात आमच्या कारखान्याच्या गेटवरचा म्हातारा वॉचमन, किकुयू, त्याला लुओचा एक शब्द येत नव्हता, तो मला सलाम ठोकून म्हणायचा, अनब्वोगेबल! तुझ्या त्या आयोजकांना हे जरूर सांग.

आता जे चांगलं नाही तेही ऐक. रेडिओवर पुढं राज्य पार्टीच्या गाण्यांचं आलं, कापुका आणि गेंगे. गेंगे म्हणजे घोळका. भाषा शेंगच, विषय मौजेचा. त्यातही ताकदीची माणसं होती. एकानं तर नाव घेतलं जुआ काली, म्हणजे कडक ऊन. उघड्यावर पत्रा ठोकणारे, वेल्डिंग करणारे तिथं जुआ काली म्हणून ओळखले जातात, आपल्या उद्यमबागेच्या बाहेर रस्त्यावर बसतात तसे. खरं कलामशाकासारख्यांना जेवढं नाव मिळालं तेवढा पैसा मिळालेला मी बघितला नाही. कॅसेटच्या नकला रस्त्यावर विकल्या जात, मी स्वतः तीच घेतली होती. आज त्याचं वाईट वाटतं.

आणि २००७ ची निवडणूक. डिसेंबरअखेर निकालावरून दंगली झाल्या, दोन महिन्यांत हजाराहून जास्त माणसं मेली. जमात विचारून मारलं. आमच्या कारखान्यातली निम्मी माणसं आठवडेच्या आठवडे आली नाहीत. लोडर आला तेव्हा म्हणाला, शेंग बोलताना माणूस कुठला ते कळत नाही, म्हणून त्यांनी आडनाव विचारलं. मी हे तुझ्यापासून लपवणार नाही. बोलीनं दंगल थांबत नाही. खरं जी पोरं एका बोलीत गात होती ती त्या दिवसांत एकमेकांच्या घरी लपली, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलंय.

तुला माझं एकच सांगणं. स्टेजवर अर्थ सांगत बसू नको. होग्याद तर होग्याद.

खानापूर_शाळा

फिटरसाहेबांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, तरी मला विरोध नोंदवायचा आहे. मुला, राग मानू नकोस.

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर ३१ वर्षं शिक्षक होतो. लागलो तेव्हा पहिलीच्या दोन तुकड्या. निवृत्त झालो त्या वर्षी पहिलीत एक बाक पुरला. पालक इंग्रजीकडे गेले, काही कन्नडकडे, त्यांचीही बाजू आहे, नोकऱ्या तिथं आहेत. १९५६ पासून या भागातल्या माणसांनी मराठी टिकावी म्हणून काय काय सोसलं ते तुझ्या घरातल्या मोठ्यांना विचार. कागद मराठीत मिळावा म्हणून कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यात आम्ही. दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी किती टक्के, हा आमच्याकडं कायद्याचा विषय आहे.

नैरोबीची तुलना इथंच अडते. स्वाहिली केनियाची राष्ट्रभाषा आहे. शाळेत आहे, संसदेत आहे, शेजारच्या टांझानियात तर बराचसा कारभार तिच्यात. शेंगनं तिचे चार शब्द खाल्ले तरी तिला काही होत नाही, ती भरल्या घरातली. आमच्या मराठीचं इथं तसं नाही. ज्या घरात धान्य कमी असतं तिथं आई मापानं घालते. तो आयोजक तुला भाषा एक ठेव म्हणाला तेव्हा त्याच्या पोटात हीच भीती असणार. ती खोटी नाही.

तुझी ओळ मात्र चांगली आहे. 'चहा अर्धा कप' मी वर्गात शिकवली असती.

चिकोडीची_नात

सर, नमस्कार. तुमच्या शाळेबद्दल वाचून वाईट वाटलं. मी एक आठवण सांगते, पटली तर घ्या.

माझे आजोबा चिकोडीकडचे, फडात डफ वाजवायचे. आमच्याकडं कलगी-तुरा, आणि तिकडं कन्नडमध्ये गीगी पद, त्यात हरदेशी आणि नागेशी. भांडण दोन्हीकडं एकच, शिव मोठा की शक्ती मोठी. एक बाजू सवाल टाकणार, दुसरी रात्रभरात उत्तर देणार. डफ तोच, तुणतुणं तेच. इकडं मागचे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणणार, तिकडं 'गी गी'. आजोबा एका गावात मराठीत उभे राहायचे आणि ओढा ओलांडून दुसऱ्या गावात कन्नडमध्ये. कधी समोरच्या फडात मराठीत गाणारं कुणी नसलं की सवाल मराठीत आणि जवाब कन्नडमध्ये, आणि पब्लिक पहाटेपर्यंत हलायचं नाही. आजी सांगायची की एकदा आजोबांना एका कन्नड शब्दावर अडकवलं, तेव्हा त्यांनी घरी येऊन आठ दिवस शेजारच्या गौडाच्या आईकडं बसून तो विषय शिकून घेतला आणि पुढच्या जत्रेत फेडला.

माझी आजी शेवटपर्यंत ओव्या मराठीतच म्हणायची, त्यात एक शब्द इकडचा तिकडं नाही. आजोबांच्या फडानं तिच्या जात्यावरचं काही गेलं नाही. म्हणून मला वाटतं, सर, दोन्ही जागा असू देत.

वडगावच्या दादा, तुम्ही चौघं आहात ना? मग दोघं दोघं समोरासमोर उभे राहा. कन्नडमध्ये सवाल, मराठीत जवाब. आमच्या भागात माणसं अजून यालाच बसतात.

उद्यमबाग_फिटर

गुरुजी, तुमचं मापानं घालणं मला समजलं. माझी दोन्ही पोरं मराठी शाळेत शिकली ती तुमच्यासारख्यांमुळंच. एवढंच म्हणतो, नैरोबीतसुद्धा मास्तर स्वाहिली नीट शिकवत राहिले आणि पोरं शेंगमध्ये गात राहिली. त्या लोडरच्या मुलीला शाळेत स्वाहिलीत चांगले मार्क पडायचे, आणि ती बापाबरोबर शेंगमध्ये भांडायची. मी भांडण ऐकलंय, मार्कही बघितलेत. आपल्या पोराला मराठी येते. त्यानं वरचा प्रश्न लिहिलाय तो वाचा, किती सरळ मराठी आहे.

आणि चिकोडीच्या ताई, तुमच्या आजोबांचं ऐकून वाटलं की हे आपल्या पोरांना दांडोरावरून का शोधावं लागलं? आम्ही मोठ्यांनी सांगायला पाहिजे होतं.

वडगावचा_माग

सगळ्यांचे पाय धरतो. काका, तुमचं उत्तर मी चौघांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. वाकाती म्हणजे वक्त आणि हाकी म्हणजे हक्क म्हटल्यावर दखनीवाला उठून उभाच राहिला. म्हणाला, हे तर माझ्या अब्बाचे शब्द.

गुरुजी, राग कशाला येईल. तुमचं वाचल्यावर मी एक ठरवलं. एक गाणं पूर्ण मराठीत लिहिणार, बाबांच्या मागावर. धोटा, ताणा, बीम, हे शब्द माझ्या पिढीत मागवाल्यांच्या घराबाहेर कुणाला येत नाहीत, ते त्यात सगळे येतील. तुम्ही तपासून द्याल काय? आणि दुसरं गाणं आमच्या चौघांच्या बोलीतच राहणार.

ताई, तुमचं सवाल-जवाब आम्ही परवा करून बघितलं. माग बंद होते, शेडमध्येच उभे राहिलो. बाबांचा माग मी आधी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवला होता, धोटा मिनिटाला ११० च्या आसपास पडतो, बीट तीच ठेवली. खासबागच्यानं कन्नडमध्ये विचारलं, लाईट गेली तर तुझं पोट कुणाच्या स्विचवर चालतं? मला उत्तर द्यायला वेळ लागला. गल्लीतले दहा-बारा जण दारात आले होते, शेजारच्या काकू पिशवी हातात घेऊनच थांबल्या. कुणी भाषा विचारली नाही. एका म्हाताऱ्या विणकरानं फक्त एवढं विचारलं, हा कुणाचा माग वाजतोय?

आई कांड्यांच्या टोपलीजवळ बसून ऐकत होती. झाल्यावर मला म्हणाली, तुझी दुसरी ओळ चुकीची आहे. लाईट गेली की माग गप्प होतो, मी कुठं गप्प होते? हातरहाट काढून भरतेच की.

खरं आहे. इतकी वर्षं तो आवाज ऐकत झोपलोय आणि लिहिताना विसरलो. आता असं केलंय:

लाईट होग्याद, माग गप्प,
आईचा रहाट टप टप टप.